मापात पाप न करता ज्येष्ठांची ताकद कशी मोजावी

साहित्य: मुठीचा जोर मोजायचं यंत्र एक. वजनकाटा एक. शिंप्याची टेप एक. खुर्ची एक (हिच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे). घनमूळ काढता येईल असा मोबाईल एक. कांदेपोहे सभासदसंख्येनुसार, पण ते मोजमाप उरकल्यावर. शिवाय कार्यवाहपदाचा राजीनामा, सही केलेला, तारखेची जागा मोकळी.

कृतीआधी माझी पात्रता सांगतो. २८ वर्षं मी वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेलं वजन, बूड वर ठोकलेलं रॉकेलचं माप, सगळं पाहून झालंय. काटा मारणारा माणूस मला काट्याच्या आधी चेहऱ्यावरून कळतो. एवढ्या पुण्याईवर निवृत्तीनंतर मी पुण्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यवाह झालो आणि वर्धापनदिनाला ‘कुणाच्या मुठीत किती दम’ अशी स्पर्धा ठेवली. मागल्या वर्षी संगीतखुर्चीत दोघं पडले होते, म्हणून यंदा बसल्याजागीचा खेळ. यंत्र एका सभासदाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने आणलं, चषक मी आणला. दुपारी साडेबारापर्यंत तीन विजेते तयार होते. तिघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि चषक एक होता. पुढच्या सूचना त्या अनुभवातून आलेल्या आहेत. इतर संघांनी त्या फुकट वापराव्यात.

पहिली पायरी: आधी यंत्राची झडती घ्या

या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव ‘चिमटा’ पडलं. मुठीत धरून दाबायचं, मग ते किलोमध्ये आकडा दाखवतं. दवाखान्यांतून जे हायड्रॉलिक यंत्र प्रमाण मानतात ते १९५४ पासून चालत आलेलं आहे. त्याची मूठ पाच खाचांवर पुढेमागे सरकते आणि साधारणपणे दुसऱ्या खाचेवर ठेवून मोजायचा रिवाज आहे.

यंत्र नवं आहे, चांगल्या कंपनीचं आहे, मुलीने आणलंय, यांपैकी एकही पुरावा मी मानत नाही. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो, मग माणसाच्या अब्रूचा काटा बिनशिक्क्याचा कसा चालेल? मी दहा आणि वीस किलोची तपासलेली वजनं आणून यंत्राला टांगली. अर्ध्या किलोचा फरक निघाला. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. अर्धा किलो म्हणजे पासंगालाही पुरायचा नाही असं वाटेल. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात पाव किलोचं अंतर असलं की हाच अर्धा किलो लोक घरापर्यंत आणून देतात.

दुसरी पायरी: बसवा

आता खुर्ची. संघातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात असतात आणि तिथूनच मतभेद सुरू होतात. मुठीचा जोर मोजणाऱ्यांत दोन पंथ आहेत. अमेरिकेतल्या हस्तोपचार करणाऱ्यांचा पंथ सांगतो: कोपर काटकोनात, अंगालगत, हात कशावरही न टेकवता. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचा पंथ सांगतो: हात खुर्चीच्या हातावर टेकवा, मनगट तेवढं कडेच्या बाहेर. दोन्हींकडे पाय मात्र जमिनीवर टेकलेले. कुठलाही पंथ घ्या, फक्त ‘जोशीकाकांचा खांदा दुखतोय, त्यांना टेकू दे’ म्हणून मधेच बदलू नका. टेकलेला हात आणि अधांतरी हात हे दोन वेगळे काटे आहेत.

दोन्ही हातांनी आळीपाळीने तीन-तीनदा दाबायचं, सहांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा, मधे दम खाऊ द्यायचा. अंगठ्या काढायला लावा. साखरपुड्याची अंगठी चाळीस वर्षांत उतरलेली नसेल तर साबण लागेल, तो साहित्यात लिहायचा राहिला. हाताला नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, मोतीबिंदू नुकताच काढलाय, हृदयाचं दुखणं ताजं आहे, अशांनी फक्त पोहे खावेत. दाबताना श्वास कोंडू नका हे प्रत्येकाला वेगळं सांगा. सगळ्यांना एकदम सांगितलेलं कुणीच ऐकत नाही.

एक बारीक गोष्ट. ‘दाबा, दाबा, अजून, अजून, सोडा’ हे शब्द प्रत्येकाला त्याच क्रमाने, त्याच आवाजात म्हणा. ओरडून म्हटलं तर माणूस जास्त दाबतो. आमच्याकडे एका गृहस्थांच्या वेळी त्यांच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या, “अहो, घरी लोणच्याचं झाकण निघत नाही तुमच्याच्याने!” आणि आकडा तीन किलोंनी चढला. शेजारच्या विधुर सभासदांनी लेखी हरकत घेतली. ती मी मान्य केली.

तिसरी पायरी: वजन आणि उंची

वजन सकाळी घ्या, चपला काढून, खिसे रिकामे करून. एका सभासदाच्या खिशांतून किल्ल्यांचा जुडगा, दोन मोबाईल, चष्म्याची पेटी आणि अडकित्ता निघाला. सव्वा किलो भरलं.

उंची विचारू नका, मोजा. पुरुष विचारल्यावर जी उंची सांगतात ती लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत पाठवलेली असते. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या बसतात, मणकेही थोडे खचतात, पाठ वाकते आणि माणूस खरोखर बुटका होत जातो. आता उंचीने भागायचं ठरवलं तर कुठली उंची घ्यायची? आजची घेतली तर पाठ वाकलेल्याला त्या वाकण्याचा फायदा मिळतो, कारण भाजक लहान झाला. अशांच्या बाबतीत जाणकार लोक गुडघ्यापर्यंतची उंची किंवा कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी मोजून मूळ उंचीचा अंदाज बांधतात. ही हाडं खचत नाहीत. हाडं खोटं बोलत नाहीत हे मला आवडलं. २८ वर्षांच्या नोकरीत असा साक्षीदार मिळाला नव्हता.

चौथी पायरी: आता भागा, आणि पस्तावा

आमच्या स्पर्धेतले तिघे घेऊ. खरी नावं घेत नाही. नाना, भाऊ आणि तात्या म्हणू, प्रत्येक संघात हे तिघे असतातच. तिघेही ७० ते ७५ या गटातले.

नाना: वजन ८८ किलो, उंची १७६ सेंटिमीटर, मूठ ३४ किलो.
भाऊ: वजन ६४, उंची १६५, मूठ २९.
तात्या: वजन ५०, उंची १५८, मूठ २४.

नुसता आकडा पाहिला तर नाना पहिले, भाऊ दुसरे, तात्या तिसरे. मी चषक उचलला, नाना उठले, टाळ्या सुरू झाल्या. एवढ्यात तात्या म्हणाले, “हत्तीने मुंगीला हरवलं, त्यात सत्कार कसला? किलोमागे किती ते काढा की!”

बोलणं रास्त होतं. बाजारात आपण किलोचाच भाव विचारतो. मुठीला वजनाने भागलं: नाना ०.३९, भाऊ ०.४५, तात्या ०.४८. क्रम उलटा झाला. नाना बसले, तात्या उठले.

त्यावर भाऊ, जे गणिताचे निवृत्त मास्तर आहेत आणि अशा प्रसंगी गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही, ते म्हणाले, “हाही अन्यायच आहे. फक्त उलट्या बाजूने.” आणि त्यांनी गॅलिलिओ काढला.

पाचवी पायरी: गॅलिलिओला बोलावणं

गॅलिलिओचं ‘दोन नवी शास्त्रं’ हे पुस्तक १६३८ साली हॉलंडमध्ये छापलं गेलं. तेव्हा तो ७४ वर्षांचा, नजरकैदेत आणि दृष्टी गेलेला. म्हणजे वयाने आमच्या संघाचा सभासद व्हायला पूर्ण पात्र. त्याने त्यात एक साधी गोष्ट दाखवली: एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर तिचं वजन आठपट होतं, पण तिच्या खांबाचा छेद, म्हणजे काप घेतला तर दिसेल ती चकती, चौपटच होते. स्नायूचा जोर त्याच्या लांबीवर नसतो, त्या चकतीवर असतो. विहिरीचा दोर लांब असला म्हणून जास्त भार पेलत नाही, जाड असला तर पेलतो. तसंच.

म्हणून वजन आठपट झालं की जोर आठपट होईल अशी अपेक्षा ठेवणंच चूक. तो चौपट होईल. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं नेते यात तिचा पराक्रम कमी आणि आकार लहान असण्याचा वाटा जास्त. किलोमागे हिशेब केला की लहान चणीचा माणूस सुरुवातीलाच पुढे असतो, त्याने काही न करता. माझ्या जुन्या भाषेत, हा उलट बाजूला बांधलेला पासंग.

आठाचे चार होतात, म्हणजे वजनाचं घनमूळ काढून त्याचा वर्ग करायचा आणि त्याने भागायचं. गणितात याला दोन तृतीयांश घात म्हणतात. १९५६ साली लिएट्झके नावाच्या संशोधकाने वजन उचलणाऱ्या जागतिक विक्रमवीरांचे आकडे असे मांडून पाहिले आणि ते जवळजवळ याच नियमाने चालले. कुस्तीवाल्यांनी घनमूळ न काढताच हा प्रश्न सोडवला होता. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. त्यांना शंभर किलोच्या मल्लासमोर उभं करून वर ‘खुली स्पर्धा आहे’ म्हणणं कुणाला सुचलं नाही. जत्रेच्या फडात तर काटाही नसायचा. पंच दोघांना शेजारी उभं करून खांद्यापासून पोटरीपर्यंत नजर फिरवायचे आणि जोड लावायचे.

भाऊंचं वजन नेमकं ६४ निघालं, हा दैवी योग. ६४ चं घनमूळ ४, त्याचा वर्ग १६. २९ भागिले १६, म्हणजे १.८१. मोबाईलवर बाकीच्यांचं काढलं: तात्या १.७७, नाना १.७२. भाऊ पहिले. आपल्याच सूत्राने आपण पहिले आलो याचं भाऊंना यत्किंचितही आश्चर्य वाटलं नाही.

नवशिक्यांना इथे वाटेल की सापडलं, हेच खरं माप. थांबा. नानांचा नातू फोनवर होता. त्याने सुचवलं की वजन सोडा, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा, तसंही करतात. केलं. नाना १०.९८, भाऊ १०.६५, तात्या ९.६१. चषक पुन्हा नानांकडे निघाला. मग कुणीतरी बीएमआयने, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग या आकड्याने, भागायला लावलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पाने २०१४ साली खरोखर तसा निकष सुचवला आहे: मूठ भागिले बीएमआय, पुरुषांत १ च्या खाली आणि बायकांत ०.५६ च्या खाली असेल तर ताकद कमी समजावी. त्याने भाऊ १.२३ वर, तात्या आणि नाना दोघेही १.२० वर. एवढ्यात पोहे गार झाले.

सहावी पायरी: पोटाचं काय करायचं

दोन तृतीयांशाच्या सूत्रात एक गृहीत लपलेलं आहे: सगळी माणसं एकाच साच्यातली, कुणी लहान, कुणी मोठी. बाप्पाच्या मूर्तींसारखी. विक्रमवीरांचं तसं असतंही. ते बरेचसे स्नायूंचेच बनलेले असतात. पण सत्तरीच्या माणसाच्या ८८ किलोंत स्नायू किती आणि पुरणपोळी किती हे काटा सांगत नाही. चरबी वजनात भर घालते, दाबत काहीच नाही. म्हणूनच ज्येष्ठांना प्रत्यक्ष मोजून हा घात काढला की तो बऱ्याचदा दोन तृतीयांशापेक्षा कमीच निघतो.

आणि आपल्याकडे तर पोट नसलेल्यातही पोट असतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर आणि टेपेवर दोघे जुळे भाऊ. मी हा किस्सा संघात सांगितला तेव्हा सगळ्यात बारीक सभासदाने आपला शर्ट खाली ओढून घेतला.

याचा अर्थ वजनाने भागणं फुकट आहे असा नाही. ती चरबी माणसाला स्वतःच वाहायची असते. नाना जिना चढतात तेव्हा पूर्ण ८८ किलो वर नेतात. त्यातले पुरणपोळीचे किलो खाली ठेवून जाता येत नाहीत. तेव्हा नानांच्या बाबतीत ०.३९ हा आकडा जिन्याबद्दल काहीतरी खरं सांगतो, मुठीबद्दल नाही.

सातवी पायरी: जिंकणाऱ्याकडे नीट बघा

ही पायरी कुठल्याही पुस्तकात नीटशी लिहिलेली नसते म्हणून थोडा वेळ घेतो.

निकाल वहीत उतरवताना मला तात्यांचं मागल्या वर्षीच्या आरोग्य शिबिराचं कार्ड सापडलं. तेव्हाही त्याच मुलीने त्याच यंत्रावर मोजलं होतं. वजन ५८, मूठ २७. म्हणजे किलोमागे ०.४७. मधे पावसाळ्यात तात्यांना न्यूमोनिया झाला, पंधरा दिवस अंथरूण धरलं, आठ किलो उतरले. यंदा वजन ५०, मूठ २४, किलोमागे ०.४८.

बघा बरं काय झालं. माणूस आजारी पडला, वजन गेलं, जोर गेला आणि आमच्या वहीत तो सुधारला. चषक आम्ही न्यूमोनियाला देत होतो.

मी तात्यांना बाजूला घेऊन हे दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “म्हणजे ४० किलोवर आलो आणि मूठ २० झाली, तर अर्धा! मग तर फिरता चषक कायमचाच घरी.” हसलो दोघेही. पण त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती दोन बोटं सैल होती. ती मला सकाळपासून दिसत होती, आणि तरी मी भागाकार करत बसलो होतो.

भाऊंच्या सूत्राने तात्या १.८० वरून १.७७ वर आले होते. म्हणजे त्या सूत्राला निदान घसरण दिसली, पण पुसटशी. सर्वांत स्पष्ट बोलला तो न भागलेला आकडा: २७ चे २४. वयामुळे स्नायू आणि त्यांचा जोर झडतो त्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. १९८० च्या दशकाअखेरी आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्द जुळवून केलेलं हे नाव, मांसाचं दारिद्र्य अशा अर्थाचं. त्याचे आशियाई निकष २०१९ साली ठरले: पुरुषाची मूठ २८ किलोच्या खाली आणि बाईची १८ च्या खाली गेली की ताकद कमी समजायची. युरोपात हीच रेघ २७ आणि १६ वर आहे. दोन्हीकडे रेघ सगळ्यांना एकच, १५८ सेंटिमीटरच्या तात्यांना तीच आणि १७६ च्या नानांनाही तीच. न्यायाच्या दृष्टीने ढोबळ, पण तात्यांना त्या ढोबळ रेघेनेच पकडलं. किलोमागे पहिला आलेला माणूस दोन्ही रेघांच्या खाली होता.

भाऊंना हे पटायला वेळ लागला. त्यांना मी सांगितलं की २०१५ साली भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास छापून आला, त्यात मूठ दर ५ किलोंनी कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला होता. मूठ कमी म्हणून मरण येतं असं नव्हे. मूठ ही सूचना देते. भाऊ म्हणाले, “सूचना ठीक आहे. पण ती मोठ्या हाडाच्या माणसाला उशिरा मिळेल.” हेही खरंच आहे. मोठ्या चणीच्या माणसाचा बराच जोर गेला तरी तो रेघेच्या वरच राहतो. म्हणून रेघेपेक्षा मागल्या वर्षीचं कार्ड महत्त्वाचं. माझ्याशी तुलनेला माझ्याच मापाचा एकच माणूस आहे आणि तो गेल्या वर्षी याच खुर्चीवर बसला होता.

आठवी पायरी, जी पहिली असायला हवी होती

भागण्याआधी विचारा: ओझं कुणाचं आहे?

लोणच्याच्या बरणीचं झाकण तुमचं वजन विचारत नाही. घरगुती सिलिंडरात गॅस १४.२ किलोच असतो, घरात नाना असोत की तात्या. दहा किलोची पिठाची पिशवी, एसटीच्या दारातला दांडा, पिळायची चादर, कुकरचं झाकण, ही सगळी बाहेरची ओझी. तिथे न भागलेला आकडाच खरा. ‘माझ्या चणीच्या मानाने मी खूप जोर लावला’ असं बरणीला सांगून ती उघडत नाही.

पाटावरून उठणं, एसटीची पहिली पायरी चढणं, सत्यनारायणाच्या पूजेनंतर मांडी सोडून उभं राहणं, रात्री पलंगावरून उठून बाथरूमला जाणं, यांत ओझं आपलं स्वतःचं. तिथे वजन हिशेबात हवंच. पण त्यासाठी भागाकार कशाला? माणसाला उठवून बघा. हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उभं राहून बसायचं आणि घड्याळ लावायचं. आशियाई निकषाने १२ सेकंद किंवा जास्त लागले तर कमी, युरोपीय निकषाने १५ च्या वर गेले तर कमी. वजन आपोआप उचललं जातं. सूत्राने जे करायचं ते गुडघे करतात.

आम्ही दुसऱ्या रविवारी हेही करून पाहिलं. तात्या १०.८ सेकंद, भाऊ ११.५, नाना १४.६. मुठीत पहिले आलेले नाना आशियाई रेघेने उठण्यात नापास. मुठीत नापास झालेले तात्या चेंडूसारखे उठले. कुठल्याही एका चषकात हे दोघे बसत नाहीत.

आता खुर्चीबद्दल सांगायचं राहिलं होतं ते. त्या रविवारी नाना म्हणाले, “खुर्ची बुटकी आहे.” मी हसण्यावारी नेणार होतो, पण टेप खिशातच होती. जमिनीपासून बैठक ४३ सेंटिमीटर. तात्यांचे गुडघे त्या उंचीला काटकोनात राहत होते. नानांचे बैठकीच्या वर येत होते. म्हणजे नाना दर वेळी जास्त खोलातून उठत होते, शिवाय ८८ किलो घेऊन. मी खाली उशी ठेवून पुन्हा मोजलं. १३.१. तरी रेघेबाहेरच, पण दीड सेकंद खुर्चीचा होता, नानांचा नव्हता. हा दीड सेकंद वहीत वेगळा लिहिलेला आहे.

बायकांसाठी वेगळी पायरी का नाही

त्यांचा गट वेगळा करा, एवढंच. एकाच वहीत शेजारी शेजारी लिहू नका. मी लिहिलं. माईंनी, वजन ४१ किलो, मूठ १९, वहीत डोकावून स्वतःचा ०.४६ आणि नानांचा ०.३९ पाहिला आणि चहाच्या वेळी तो मोठ्याने वाचून दाखवला. माईंची मूठ त्यांच्या रेघेच्या वर आहे, त्यांना बक्षीस मिळालं, प्रश्न मिटला. नानांचा अजून मिटलेला नाही.

निकाल

माझा निकाल असा. दोन देशांतल्या किंवा दोन पिढ्यांतल्या हजारो माणसांची तुलना करायची असेल तर घात, उंची, चरबी सगळं लागतं. ते काम करणाऱ्यांनी आपल्याच गटाच्या आकड्यांवरून घात काढावा, दुसऱ्याचा उसना आणू नये. संघाच्या वर्धापनदिनाला यांपैकी काहीही लागत नाही. तिथे वहीत दोन रकाने पुरतात. एकाचं नाव ‘झाकण’, दुसऱ्याचं ‘पाट’. झाकणात मुठीचा सरळ आकडा, पाटात पाच उठाबशांचे सेकंद. प्रत्येक आकड्याशेजारी त्याच माणसाचा मागल्या वर्षीचा आकडा. क्रमांक नाहीत.

चषक परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, कारण त्यावर ‘प्रथम क्रमांक’ कोरलेलं होतं. त्यात सध्या कार्यालयातली पेनं असतात.

तात्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवलं. आता ते रोज सकाळी विरंगुळा केंद्रात रबरी पट्टा ओढतात आणि डाळ-अंडी खातात. मागच्या महिन्यात वजन ५२ आणि मूठ २५ भरली. किलोमागे ०.४८, म्हणजे भागाकाराच्या मते काहीच झालेलं नाही.

पुढच्या मोजमापाची नावनोंदणी १ ऑक्टोबरपर्यंत. मागच्या वेळचं कार्ड सोबत आणावं, ज्यांचं हरवलं असेल त्यांनी आधी मला भेटावं. मोजमाप सकाळी आठ ते दहा, चपला काढून, खिसे रिकामे करून. अडकित्ते दारातल्या टेबलावर ठेवावेत. खुर्ची संघाची राहील, उशी ज्याने त्याने आणावी.